न दिलेल्या शिव्या

जोआल, सेनेगाल, ११ मार्च २०१८

ए गुलामा सादिबू,

पत्र उघडलंस म्हणजे जिवंत आहेस. बरं झालं.

फोनवर मी तुला अकरा निरोप बोलून पाठवले. तू एकही ऐकला नाहीस. ऐकलं की खूण निळी होते हे मला माझ्या सुनेनं दाखवलं, आणि माझ्या सगळ्या खुणा अजून राखाडीच आहेत. म्हणून हा कागद. फाडायचा असला तर फाड, पण फाडताना एखादी ओळ डोळ्याखालून जाणारच, आणि एकही ओळ मी फुकट घालवणार नाहीये.

तुझ्या क्लबचा पत्ता दिएगान न्हाव्यानं शोधून दिला. शनिवारचा सामना त्याच्याच दुकानात पाहिला. अर्धी वस्ती आत, अर्धी खिडकीत. दिएगाननं एका गिऱ्हाइकाचा एक गाल घोटला आणि दुसरा तसाच साबणात ठेवून टीव्हीकडे तोंड करून बसला. आणि तू? सत्तर मिनिटं खेळलास आणि चेंडूला शिवलास पाच-सहा वेळा. मी म्हटलं, "हा जोला तिकडे भात हुडकतोय, गोल नाही." दुकान हसून हसून पडलं. पण एरवी मी असं बोलले की तासाभरात तुझा फोन यायचा. कोण चुगली करायचं देव जाणे, पण यायचा. "म्हातारे, टीव्हीतून मला तुझा आवाज ऐकू येतो," असं म्हणायचास. शनिवारी मी फोन मांडीवर घेऊन बसले. एकदा वाजला, तर मासळीवाला.

कशाचा राग धरलायस? आणि तुला रागवायची परवानगी कोणी दिली? तू जोला, मी सेरेर. देवानं आपल्या दोन जमातींना एकमेकांना टोमणे मारायलाच शेजारी वसवलंय. जोलानं सेरेराला गुलाम म्हणायचं, सेरेरानं जोलाला गुलाम म्हणायचं, भातखाऊ म्हणायचं, आणि जो आधी चिडेल त्याला दंड. आपले आजे-पणजे हेच करत आले. मध्येच तू कोण नाक फुगवून बसणारा?

तू स्ट्रायकर कोणामुळे झालास ते तरी आठव. अकरा वर्षांचा होतास. तुझी आई तेरेमा तुला हाताला धरून कासामान्सहून आली. ती धक्क्यावर मासे धुरावर धरायची, मी शेजारी भाताची कढई मांडायचे. तू बचावात खेळायचास, आपल्या गोलापासून दहा पावलं हलायचा नाहीस. एक दिवस मी समोरच्या गोलामागे उभी राहून ओरडले, "जोला पुढे येत नाहीत रे, पुढे भात नसतो!" तू तापलास. चेंडू घेतलास आणि सरळ माझ्या दिशेनं सुटलास. मध्ये कोण आलं, कोण आडवं पडलं, काही पाहिलं नाहीस. जाळ्यात चेंडू मारून माझ्यासमोर येऊन म्हणालास, "घे म्हातारे, तुझ्या मालकाचा गोल." मी तेव्हा अडतीस वर्षांची होते! म्हातारी म्हणे!

त्या दिवशी तेरेमाचा मासा जळाला, हसता हसता. आणि प्रशिक्षक म्हणाला, हा पोरगा आजपासून पुढे खेळेल.

त्यानंतर दर पावसाळ्यात, वस्त्यांचे सामने लागले की मी समोरच्यांच्या गोलामागे. कढई सुनेच्या हवाली. शेवटच्या मोसमात तू एकोणीस गोल घातलेस आणि डाकारच्या क्लबची माणसं गाडी घेऊन आली. मग बेल्जियम, मग तुर्कस्तान. एवढी मजल तू मारलीस ती कोणाच्या शिव्या खाऊन?

उत्तर लिही. दोन ओळी चालतील. शिव्या असल्या तर चार.

तुझी मालकीण,
यांदे फाय


जोआल, ३० सप्टेंबर २०१८

आळशा सादिबू,

सहा महिने झाले. पोस्टमन माझ्या दारावरून जाताना आता मान खाली घालतो, बिचाऱ्याचा काय दोष.

आधी चांगली बातमी. या वर्षी आपण जिंकलो! बाजारपेठेच्या वस्तीला एक-शून्य. शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि दिएगान मैदानात पळत गेला. वस्तरा हातातच! त्याला पाहून त्यांचा गोलरक्षक कुंपण ओलांडून पसार. नंतर पंचानं दिएगानला समज दिली, तर हा म्हणतो, "साहेब, मी दुकानातून थेट आलोय." आम्ही ढोल घेऊन धक्क्यापर्यंत नाचलो. माझा गुडघा दोन दिवस सुजला होता, पण नाचताना कळलं नाही.

तरी तुला खरं सांगते, गोलामागे मला पूर्वीची मजा नाही. आपला आत्ताचा स्ट्रायकर सेरेर आहे, माझ्याच चुलत घराण्यातला. त्याला काय बोलणार? "बाळा, जरा जोर कर" असं म्हणते. माझं मलाच हसू येतं.

आता तुझं. नऊ सामने, एक गोल नाही, आणि परवा तर तुला बाकावर बसवलं. कॅमेऱ्यानं तुझं तोंड दाखवलं. आंबलेल्या भातासारखं झालं होतं. इथे जो तो वैद्य झालाय. दिएगान म्हणतो गुडघा. मासळीवाला म्हणतो नजर लागली, तावीज करून पाठवा. इमाम म्हणतात दमलाय पोरगा, त्याच्यासाठी दुवा करा. मी म्हटलं, काही नाही, त्याला तिकडे कोणी हिणवत नाही, एवढंच दुखणं आहे. तिथली माणसं तुला साहेब म्हणत असतील, बॅग उचलत असतील. अशानं जोला बिघडतो.

म्हणून लिहून पाठवते, सामन्याआधी वाच: तुझे पाय बगळ्याचे, धाव बदकाची. तुझ्यापेक्षा माझी कढई वेगानं सरकते. गोल दिसत नसेल तर सांग, मी तिथे भाताचं ताट ठेवायला लावते. झालं? काही पेटलं का आत?

लोक विचारतात, "यांदे, तुमचं बिनसलं कशावरून?" मी सांगते, मुलाखतीला आलेल्या रेडिओवाल्याला मी म्हटलं होतं की हा लहानपणी माझ्या कढईतली खरवड चोरायचा, त्यावरून. ते खरंही मानतात. पण तू त्यावर हसला होतास, मला ठाऊक आहे.

तुझ्या आईच्या मयताला मी आले होते. रीतीनं बसले, रीतीनं रडले, कोणाला उणं बोलले नाही. त्यात काही चुकलं असेल असं मला वाटत नाही.

यांदे


जोआल, २० जानेवारी २०१९

सादिबू,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे. लिहितानाच मला ठाऊक होतं.

काल तुझा अन्सूमामा आला होता, गावचं लिंबू विकायला. जेवायला बसवला. दोन ताटं भात खाऊन, चहाच्या रीतीप्रमाणे तिन्ही फेऱ्या होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "यांदे, पोरगा तुझ्यावर चिडलेला नाही. चिडला असता तर दंड भरून मोकळा झाला असता. त्याला लागलंय. तू आम्हाला परकं केलंस."

मी उठून भांडी आवरायला लागले. तो म्हणाला, "भांडी राहू दे. ऐक."

मग त्यानं सांगितलं की अंगणात तू दोन दिवस माझी वाट पाहत होतास. मी तुझ्यापासून चार हातांवर चटईवर बसलेली, आणि तू माझीच वाट पाहत होतास!

आपल्यात सेरेर माणूस जोलाच्या मयताला काय करतो ते मला कोणी शिकवायला नको. मेलेल्याची नक्कल करायची. त्याच्यावर हक्क सांगायचा, आळशी म्हणायचं, ऊठ म्हणून दटावायचं, प्रेत अडवायचं. घरच्यांना रडता रडता हसू फुटलं पाहिजे, नाहीतर मयत पुरं होत नाही. माझ्या नवऱ्याच्या वेळी तेरेमानं केलं होतं. तिनं त्याची टोपी घातली, त्याच्यासारखी खोकली आणि म्हणाली, "माझा गुलाम मेला नाही, जाळी विणायची टाळतोय." मी सात दिवस रडले नसेन एवढी त्या एका घटकेत हसले, आणि मग खरी रडले.

आणि तेरेमासाठी मी काय केलं? ओढणी डोक्यावरून घेऊन बसले. तुला म्हणाले, "सादिबू साहेब, देव तुम्हाला बळ देवो." मला अजून ऐकू येतं ते. तुझा चेहरा एकदम मिटला. तिसऱ्या दिवशी तू मला गाडीवर सोडायला आलास, सीटवर रुमाल अंथरलास आणि म्हणालास, "तुम्ही आमच्या पाहुण्या. आलात, आभार."

आता कारण सांगते. आवडणार नाही, मलाही आवडत नाही.

अंगणात डाकारहून आलेले साहेब लोक होते, क्लबची माणसं, टीव्हीचा कॅमेरा. माझा जावई वाटेतच म्हणाला, "आई, तिथे सोंगं करू नका, तो आता मोठा माणूस आहे." त्याच्यावर ढकलून देता आलं असतं. पण खरं कारण माझ्या पोटात होतं. मला तुझ्याकडे फ्रीजर मागायचा होता. भातासाठी आणलेले मासे खराब होतात, तू सहज देशील, असं मी जोआलहून निघतानाच मनात धरलं होतं. आणि मागायचं असलं की माणूस गोड होतो. मी गोड झाले, सादिबू. तेरेमा घरात मरून पडलेली आणि मी फ्रीजरसाठी गोड झाले.

मागितलासुद्धा नाही. तुझा चेहरा पाहून हिंमतच झाली नाही.

वेडी की काय मी! तुझ्याकडे हक्कानं ओरबाडून घेता आलं असतं. "ए गुलामा, फ्रीजर आण," म्हटलं असतं तर तू दोन शिव्या देऊन आणला असतास. जे माझंच होतं ते मी भिकारणीसारखं मागायला निघाले, आणि त्यापायी तुझ्या आईला हसण्याशिवाय मातीत घातलं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझी माफी मागून भागणार नाही, कारण माफी पाहुण्यांत मागतात. काय करायचं ते मला कळतंय, पण धीर व्हायला वेळ लागेल.

यांदे


बिन्योनाजवळ, तुझ्या आईच्या अंगणातून, २७ जानेवारी २०२०

ए सादिबू, ए गुलामाच्या पोरा,

बसून लिहितेय, कारण कंबर गेलीय. का गेली ते वाच.

तेरेमाच्या दुसऱ्या वर्षाच्या कुराणपाठाला मी आले. नव्या पुलावरून गाडी भुर्रकन आली, पूर्वीसारखं नावेसाठी दिवसभर ताटकळावं लागलं नाही. जावयाला सांगितलंच नाही. बिन्योनात उतरल्यावर एका ओळखीच्या घरी कपडे बदलले. रुमाल तेरेमा बांधायची तसा बांधला, एक शेंडा कानावर उभा. डोक्यावर माशांचं घमेलं, गालाला काजळी. आणि तिच्यासारखी पावलं बाहेर टाकत, ढुंगण हलवत, तुमच्या अंगणात शिरले.

पाठ संपला होता. दीडएकशे माणसं थाळ्यांभोवती बसली होती, लिंबाच्या कालवणाचा वास सुटला होता. मला पाहून एका म्हातारीच्या हातातला घास खाली पडला.

अन्सूमामा उठला. "या बाई, बसा."

"बसायला नाही आले," मी ओरडले. "माझी गुलामीण कुठाय? दोन वर्षं झाली, कामावर फिरकली नाही!"

कोणी हसेना. वाटलं, उशीर झाला, आता हे लोक मला हाताला धरून बाहेर काढणार.

तेवढ्यात तुझी आत्या, ती दात नसलेली, बारीक आवाजात म्हणाली, "ती मेली."

"मेली? कोणाला विचारून मेली? मी रजा दिली होती?"

मागे कोणीतरी फसकन हसलं.

"मासे धुरावर ठेवून जोला बाई मरायला जाते! इकडे मासे जळले, तिकडे ही झोपली. आणि एवढी घाई कसली होती? कबरीत भात वाढतात असं कोणी सांगितलं का तिला?"

मग जे सुरू झालं! तुझ्या आत्यानं माझ्या पाठीत चप्पल घातली, "तुझी आईच आमच्या दारात धुणं धूत होती!" मी घमेलं टाकलं आणि अंगणाच्या मधोमध आडवी झाले. "ती उठत नाही तोवर मी उठत नाही. थाळ्या माझ्यावरून न्या." त्यांनी खरंच माझ्यावरून नेल्या! कालवण सांडलं माझ्या पोटावर. चौघींनी मला पायांना धरून ओढलं, एकीनं तांब्याभर पाणी ओतलं. मी तेरेमाच्या आवाजात खोकले, तिच्यासारखं "अरे देवा, माझी कंबर" म्हणाले, आणि तुझी आत्या जमिनीवर बसून हसायला लागली. हसता हसता तिचं रडू कधी झालं कळलं नाही. मग मीही. तिच्या कुशीत डोकं घालून मी बैलासारखी हंबरले. इतकी मी तुझ्या आईसाठी तोवर रडलेच नव्हते. माझी मैत्रीण होती रे ती. सतरा वर्षं तिच्या धुरानं माझे डोळे चुरचुरले आणि मी एक दिवस जागा बदलली नाही.

नंतर पंचायत बसली. दोन वर्षं उशीर केल्याचा दंड काय? आत्यानं निकाल दिला: दीडशे माणसांची भांडी. घासली मी. सगळी. काळ्या कढयासुद्धा. बाया चहा पीत बसल्या होत्या आणि मला वरून सूचना देत होत्या, "तो काठ राहिला गं सेरेरीण!" म्हणून कंबर गेलीय.

संध्याकाळी अन्सूमामा माझ्या बाजूला येऊन बसला. म्हणाला, "यांदे, तेरेमा आज गेली. दोन वर्षं ती इथेच अंगणात घुटमळत होती."

त्यानं सगळं फोनवर चित्रित केलंय आणि तुला पाठवणार आहे. निम्मा वेळ फोन उलटा धरला होता, म्हणून त्यात मी आकाशातून लोंबकळताना दिसते. पहा किंवा पाहू नकोस. मी तुझ्यासाठी नाही केलं. तेरेमाचं माझ्याकडे राहिलं होतं, ते केलं.

पण पाहिलंस तर बरं वाटेल. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटेल.

यांदे


इझमिर, १ मार्च २०२०

ए गुलामीण यांदे,

तुझी चारही पत्रं मिळाली. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे. तुमच्या शाळेत सेरेरांना काय शिकवत होते?

मामाची चित्रफीत मी सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत पाहिली. फोन उलटा धरून पाहिली, म्हणजे तू सरळ दिसावीस. तू पोटावर कालवण घेऊन खोकलीस तिथे मी एवढ्यानं हसलो की आमचा ब्राझीलवाला गोलरक्षक घाबरून डॉक्टरला बोलवायला गेला. डॉक्टर आला तेव्हा मी रडत होतो. त्यानं विचारलं, कुठे दुखतंय? मी म्हटलं, आता कुठेच नाही. आई गेल्यापासून मी तिच्या आठवणीनं एकदाही हसलो नव्हतो. मला वाटायचं तसं हसणं पाप आहे. तू येऊन ते मोकळं करशील म्हणून थांबलो होतो, आणि तू मला साहेब म्हणालीस. दुसरं कोणी म्हणालं असतं तर मला काही वाटलं नसतं.

दोन गोल घातले त्या दिवशी. दुसरा डाव्या पायानं, पंचवीस पावलांवरून. दिएगानच्या दुकानात पाहिलाच असशील, फुकट बसून.

आता कामाचं. मी बाप झालो, बिन्ताला मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत. आठव्या दिवशी नाव ठेवलं. सगळे आधीच म्हणत होते, तेरेमा ठेवणार, आणखी काय. इथले इमाम बाळाच्या कानात नाव सांगायला वाकले, मी त्यांना नाव सांगितलं, त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. अन्सूमामा फोनवर होता, तो तिकडून ओरडला, "जोलाच्या घरात सेरेर नाव! शुद्धीवर आहेस ना?" बिन्ता मात्र हसत होती, तिला आधीच सांगितलं होतं.

यांदे गुदियाबी. नाव तुझं, आडनाव माझं, अशी आहे माझी मुलगी.

फुशारून जाऊ नकोस. मी हे माझ्या सोयीसाठी केलंय. इतकी वर्षं मला एक यांदे माझ्या हुकमात हवी होती, आता मिळाली. डोक्यावर तीन केस, तोंडात एक दात नाही, दिवसभर खाते, काडीचं काम करत नाही, आणि मनासारखं झालं नाही की सगळी इमारत जागी करते. बिन्ता म्हणते नाक माझ्यावर गेलंय. आवाज कोणावर गेलाय ते मी तिला सांगितलं नाही.

आईचं नाव पुढच्या मुलीला. आई रागावणार नाही, ती असती तर तिनंच हे सुचवलं असतं आणि मासे जळेपर्यंत हसली असती.

मोसम संपला की आम्ही तिघं जोआलला येतोय. तिला मैदानाच्या कडेला तुझ्या मांडीवर बसवायचंय, ओरडायला शिकव.

तोवर मी इथे दिवसभर घरात हाक मारत असतो: यांदे, गप्प! यांदे, झोप! यांदे, सोड माझं बोट! काल समोरच्या तुर्की आजींनी जिन्यात बिन्ताला थांबवून विचारलं, तुमचा नवरा सारखा ज्या यांदेशी भांडतो ती कोण? बिन्तानं वर येऊन मला विचारलं, त्यांना कुठली यांदे सांगू?

मी म्हटलं, कुठलीही सांग. दोघी आपल्या घरच्याच आहेत.

तुझा मालक,
सादिबू